कडेवरचं नाव: ब्रिटिश अमदानीतल्या पदकांवरून फौजी कारकीर्द कशी शोधायची

आधी पितांबरी बाजूला ठेवा. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट हेही नको. जुन्या मेडलशी होणारा पहिला गुन्हा घरातच होतो, तोही प्रेमापोटी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात देवाच्या तांब्या-पितळेबरोबर पणजोबांचा बिल्लाही घासायला निघतो. आमच्या घरी पन्नासेक वर्षं हेच झालं. बिल्ला आरशासारखा लख्ख आहे, पण राजाचं नाक गेलंय आणि कडेवरच्या नावातली निम्मी अक्षरं बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. काळी पडलेली चांदी वाचता येते, घासलेली चांदी मुकी होते. फार तर मऊ सुती फडक्यानं धूळ पुसा आणि थांबा.

फित कितीही विटलेली असली तरी उसवू नका. मेडलं एका पट्टीवर ओळीनं शिवलेली असतील तर तसाच समोरून आणि मागून फोटो काढून ठेवा, कारण ती ओळ हाही पुरावा असतो. तो कसा वाचायचा, ते पुढे येतंच.

कड वाचणं

लोक मेडलची पुढची बाजू बघतात, तिथे राणी किंवा राजा असतो. मग मागची बाजू बघतात, तिथे सिंह, वाघ, किल्ला किंवा घोडेस्वार असतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस मात्र कडेवर असतो. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या त्या पट्टीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली किंवा कोरलेली असते. तारेच्या आकाराचं मेडल असेल, म्हणजे १९१४-१५ चा स्टार, तर त्याला कडच नसते. तिथे मजकूर पाठीवर मिळतो.

वाचायची पद्धत अशी. खोलीतला दिवा बंद करा. मोबाईलचा टॉर्च मेडलच्या पातळीत, अगदी आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. मेडल हळूहळू फिरवत दर सेंटिमीटरला एक फोटो घ्या. तरीही लागलं नाही, तर पातळ कागद कडेवर घट्ट धरून त्यावरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्यावर करायचो तेच.

आता जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा, सुधारून लिहू नका. गोरा कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. शिंदेचा ‘सिंधे’ होतो, सावंतचा ‘सावुंट’, जाधवचा ‘जाडो’. आडनाव असेलच असंही नाही, कधी नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. पुढे यादीत शोधताना ही चुकीची स्पेलिंगंच उपयोगी पडतात. नंबराच्या भरवशावर मात्र राहू नका. त्या काळी प्रत्येक पलटणीचे आपापले नंबर असत, त्यामुळे एकच नंबर दहा पलटणींत दहा जणांना असायचा.

पलटणीचं नाव म्हणजे घड्याळच. हिंदुस्थानी फौजेतल्या पलटणींना १९०३ मध्ये नवे नंबर मिळाले आणि १९२२ मध्ये सगळी रचना पुन्हा बदलली. तिसरी बॉम्बे लाइट इन्फन्ट्री १९०३ मध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १९२२ मध्ये ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. आजही तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. याच न्यायानं पाचवीची १०५ वी झाली, दहावीची ११० वी आणि सतरावीची ११७ वी. कडेवर ‘तिसरी बॉम्बे’ असेल तर मोहीम १९०३ आधीची, ‘१०३’ असेल तर १९०३ ते १९२२ मधली, ‘५ वी मराठा’ असेल तर त्यानंतरची. मेडल कोणतं हे ओळखण्याआधीच तुम्ही माणसाला वीसेक वर्षांच्या खिडकीत बसवलेलं असतं.

हुद्द्याचंही तसंच. सहसा मेडलवर त्या मोहिमेच्या वेळचा हुद्दा पडतो, निवृत्तीच्या वेळचा नव्हे. म्हणून एका माणसाची तीन मेडलं हाती असतील तर शिपाई, नाईक, हवालदार अशी शिडीच कडांवर दिसते. घरात ‘सुभेदार आजोबा’ म्हणतात आणि कडेवर शिपाई निघतो, तेव्हा कुणी खोटं बोललेलं नसतं. मेडल आधीचं असतं, एवढंच.

कुठलं मेडल, कुठली मोहीम

महाराष्ट्रातल्या घरांत साधारणपणे जी निघतात, तेवढ्यांवरच बोलतो.

१८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर व्हिक्टोरिया आहे. हे एकच मेडल १८९५ पर्यंत ब्रह्मदेशापासून वायव्य सरहद्दीपर्यंतच्या डझनावारी मोहिमांना दिलं गेलं. कुठली मोहीम, ते वरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. या पट्टीला क्लास्प म्हणतात. त्यानंतर १८९५ चं इंडिया मेडल आलं. त्याच्या मागे एक गोरा आणि एक देशी शिपाई मिळून निशाण धरून उभे आहेत. १९०८ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर डोंगरांपुढे जमरूदचा किल्ला आहे, आणि सुरुवातीच्या छापांवर राजाच्या नावापुढे ‘कैसर-इ-हिंद’ असतं. १९३६ च्या मेडलवर वाघ आहे.

धातूकडेही बघा. आकार-चित्र तेच, पण चांदीऐवजी ब्राँझ असेल तर ते बहुधा भिश्ती, खेचरवाले, डोलीवाले अशा फौजेबरोबरच्या माणसांचं असतं. १८८५ च्या ब्रह्मदेश मोहिमेपासून पुढे बरीच वर्षं हा भेद पाळला गेला. बाजारात एके काळी ब्राँझला कमी लेखत. माझ्या मते गोष्ट तिथेच जास्त असते, कारण या माणसांची नावं दुसरीकडे फारशी उमटलेलीच नाहीत.

पहिल्या महायुद्धाची तीन मेडलं सर्वांत जास्त सापडतात: १९१४-१५ चा ब्राँझचा स्टार, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं, पिवळसर ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. स्टारवर नुसतं ‘१९१४’ असेल तर जरा सरसावून बसा. तो फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ च्या दरम्यान फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना मिळाला. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे पूल-खंदकांची कामं करणाऱ्या पलटणीच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या होत्या. तीनांतलं मधलं, चांदीचं, मेडल अनेक घरांत गायब असतं. ते सोनाराकडे गेलेलं असतं. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव जगभर भडकला तेव्हा विलायतेतही ही मेडलं ढिगांनी वितळवली गेली.

मराठी मुलखाशी सगळ्यांत जवळचं मेडल मात्र घरात सापडणं जवळजवळ अशक्य आहे. ‘आर्मी ऑफ इंडिया’ मेडलच्या पट्ट्यांवर असई, आरगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव ही आपली गावं आहेत. पण ते मंजूर झालं १८५१ मध्ये, आणि तोवर जिवंत असलेल्यांनाच मिळणार होतं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेल्या माणसाला ३३ वर्षं वाट बघायची होती, तीही त्या काळच्या आयुर्मानात.

ओळ वाचणं

आता ती न उसवलेली ओळ समोर ठेवा. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला मान मोठा. आधी किताब आणि शौर्यपदकं, मग मोहिमांची मेडलं तारखेच्या क्रमानं, आणि शेवटी परक्या राजांनी दिलेली. एकाच मेडलवर दोन-तीन पट्ट्या असतील तर खालून वर वाचायचं, मेडलला चिकटलेली सर्वांत जुनी.

हिंदुस्थानी हुद्देदाराच्या ओळीत काय सापडू शकतं? १८३७ पासूनचं इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, हे शौर्याचं. १९०७ पासूनचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. आणि गळ्यात घालायचा ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया, जो दीर्घ आणि निष्ठावंत नोकरीसाठी सुभेदार-जमादारांना मिळे. त्याच्या पहिल्या वर्गाबरोबर ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्याबरोबर ‘बहादूर’ ही पदवी येई. गावाकडच्या जुन्या लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावापुढे ‘बहादूर’ दिसलं तर ते नुसतं कौतुक आहे असं समजून सोडून देऊ नका. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदुस्थानी शिपायांना १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हता. मराठा पलटणींत तो दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना मिळाला.

एक पुरा नमुना: टाऊनशेंड

सरावाला गोरा अधिकारी घेऊ, कारण त्यांचे कागद मुबलक आहेत. मी चार्ल्स टाऊनशेंड निवडतो. त्याचा आपल्याशी संबंध का, ते ओळीच्या शेवटी कळेल.

समजा ही ओळ तुमच्यासमोर आहे आणि नाव झाकलेलं आहे. मोहिमांतलं पहिलं इजिप्त मेडल. मागे स्फिंक्स, फितीवर निळे तीन आणि पांढरे दोन पट्टे, नाईलच्या दोन प्रवाहांचे. स्फिंक्सखाली १८८२ हा आकडा नसेल तर मेडल नंतरच्या छापाचं. म्हणजे माणूस १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत, खार्तूममध्ये अडकलेल्या ब्रिटिश जनरल गॉर्डनला सोडवायला गेलेल्या फौजेत होता. टाऊनशेंड तेव्हा रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे आरमाराच्या पायदळात, लेफ्टनंट होता. सैन्यात येऊन तीनच वर्षं झालेली.

दुसरं १८५४ चं जनरल सर्व्हिस मेडल, पट्टी ‘हुंझा १८९१’. इथे थांबून विचारायचं, मरीन्सचा माणूस गिलगिटच्या पलीकडच्या डोंगरात कसा? उत्तर आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, आहे: १८८६ मध्ये तो हिंदुस्थानी फौजेत आला आणि पुढे सेंट्रल इंडिया हॉर्समध्ये गेला. दोन मेडलांच्या मधली अशी फट दिसली की समजावं, कागद इथे उघडायचे.

तिसरं १८९५ चं इंडिया मेडल, पट्टी ‘डिफेन्स ऑफ चित्राल’, म्हणजे वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्याचा बचाव. त्या मेडलच्या पट्ट्यांतली ही सगळ्यांत दुर्मिळ. ‘रिलीफ ऑफ चित्राल’ हजारोंना मिळाली, कारण सोडवायला मोठी फौज गेली होती. किल्ल्यात कोंडलेले लढवय्ये साधारण चारशे होते: काश्मीरच्या महाराजांचे शिपाई आणि १४ व्या शीख पलटणीचे शंभरेक जण. मार्चच्या सुरुवातीपासून २० एप्रिलपर्यंत ते तग धरून राहिले. वरिष्ठ कॅप्टन जखमी झाल्यानं किल्ल्याची सूत्रं टाऊनशेंडकडे आली होती. आता ओळीच्या अगदी सुरुवातीला बघा, तिथे सीबी आहे, ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश किताबाचा एक वर्ग. तो सहसा कर्नल-जनरलांना मिळायचा, याला कॅप्टन असताना मिळाला. एका पट्टीनं आणि एका किताबानं माणसाचं नशीब कुठे फिरलं ते नेमकं दाखवलं.

पुढे क्वीन्स सुदान मेडल, आणि ओळीच्या शेवटी, परकं म्हणून, खेदिवाचं, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचं, सुदान मेडल. त्याच्या पट्ट्यांवर इंग्रजी आणि अरबी दोन्ही लिप्या, त्यांत अतबारा आणि खार्तूम. तेव्हा तो इजिप्शियन फौजेत १२ व्या सुदानी बटालियनचा प्रमुख होता. यासाठी डीएसओ हा अधिकाऱ्यांना मिळणारा लष्करी किताब मिळाला. त्यानंतर क्वीन्स साउथ आफ्रिका मेडल. एकाच माणसाच्या कागदांत मरीन्स, हिंदुस्थानी घोडदळ, सुदानी बटालियन, पुढे रॉयल फ्युझिलियर्स. गोऱ्या अधिकाऱ्याच्या पलटणी अशा बदलत राहतात, आपल्या शिपायाची उभी हयात बहुधा एकाच पलटणीत जाते.

आणि मग पहिल्या महायुद्धाची तीन मेडलं. १९१४-१५ स्टार, वॉर मेडल, व्हिक्टरी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९१५ साली गेलेल्या कुणालाही नियमानं मिळणारी, पट्टी नसलेली तीन मेडलं.

ही ओळ मी मुद्दाम घेतली ती यासाठी. एप्रिल १९१५ मध्ये टाऊनशेंड ६ व्या पूना डिव्हिजनचा प्रमुख झाला. त्याच्या तिन्ही पायदळ ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: ११७ वी, १०३ री आणि ११० वी. अमारा घेतलं, कूत घेतलं, नोव्हेंबरात बगदादच्या तोंडाशी टेसिफॉनला अडले आणि डिसेंबरात मागे सरून कूतमध्ये कोंडले गेले. १४७ दिवस वेढा. घोडे कापून खायची पाळी आली. अनेक हिंदुस्थानी शिपायांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारलं आणि स्कर्व्हीनं हाल झाले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी सुखरूप परत पाठवला. १९१७ मध्ये कैदेत असतानाच त्याला केसीबी, म्हणजे बाथचाच सीबीच्या वरचा वर्ग, मिळाला.

आता मेडलं पुन्हा बघा. चित्रालच्या दीड महिन्याला स्वतंत्र पट्टी आहे, कूतच्या १४७ दिवसांना काहीच नाही. वॉर मेडलसाठी लढायांच्या पट्ट्या ठरत होत्या, पण खर्चाच्या धास्तीनं फौजेसाठी त्या निघाल्याच नाहीत. म्हणून कूतमध्ये उपासमार सोसलेल्या साताऱ्याच्या शिपायाचं मेडल आणि बसऱ्याच्या गोदीत पहारा दिलेल्या माणसाचं मेडल समोरून हुबेहूब सारखं. फरक फक्त कडेवर, पलटणीच्या नंबरात. तुमच्या घरच्या तिकडीवर १०३, ११० किंवा ११७ असेल, तर पुढचा प्रश्न एकच ठेवा: डिसेंबर १९१५ मध्ये हा माणूस कुठे होता?

कागद कुठे शोधायचे

अधिकाऱ्यासाठी सुरुवात लंडन गॅझेटपासून, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रापासून, करा. नेमणूक, बढती, किताब, ‘डिस्पॅचमध्ये’ म्हणजे सेनापतीच्या अहवालात उल्लेख, सगळं तारखेसह छापलेलं आहे आणि इंटरनेटवर फुकट शोधता येतं. आडनावापुढे आद्याक्षरं घालून शोधा, नाहीतर शेकडो नावांत हरवाल. मग इंडियन आर्मी लिस्ट. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तिचे बरेच खंड स्कॅन करून खुले केलेत. त्यात पलटणीनुसार अधिकारी, आणि काही आवृत्त्यांत प्रत्येकाच्या युद्धसेवेचा दोन-तीन ओळींचा गोषवारा असतो. हा गोषवारा आणि मेडलच्या पट्ट्या एकमेकांशी ताडून बघायच्या, जुळल्या नाहीत तर कुठेतरी पाणी मुरतंय. देशी अधिकारी, म्हणजे सुभेदार-जमादार, यांची नावंही लिस्टमध्ये येतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ‘आपल्यांचं काहीच मिळत नाही’ म्हणून शोध तिथेच संपतो.

हिंदुस्थानी फौजेच्या अधिकाऱ्यांच्या सेवा-फायली ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मोहिमांच्या मेडल याद्या आणि पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण अमुक तारखेला पलटण कुठे होती, किती पडले, पाऊस होता का, हे रोजच्या रोज लिहिलेलं असतं.

शिपायाचा माग इथेच लागतो, आणि तो जरा आडवाटेनं जातो. जुनं पेन्शन बुक किंवा डिस्चार्जचा कागद आधी शोधा. तो ट्रंकेच्या तळाला नाहीतर सातबाऱ्याच्या फायलीत असतो. मराठा पलटणीचा माणूस असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला कडेवरची सगळी अक्षरं आणि फोटो जोडून पत्र लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. माणूस युद्धात गेलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव मिळू शकतं. मात्र गावाचं स्पेलिंगही कानानं लिहिलेलं असतं हे विसरू नका.

आणि चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत ती आहे. या गावातून इतकी माणसं महायुद्धात गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नावं नसतात, नुसते आकडे. तुमच्या कडेवरचं नाव त्या आकड्यातलं एक असू शकतं.

विकत घेणार असाल किंवा विकणार असाल तर

पुण्यात जुन्या बाजारात एकदा मला एका मेडलवर चार पट्ट्या दाखवल्या गेल्या, त्यांतल्या दोन मोहिमा एकाच महिन्यात हजार मैल दूर चाललेल्या. पट्ट्या सरकवून घालता येतात, हाच धंद्याचा पाया. रिव्हेट नवे दिसतात का, पट्टी डुगडुगते का, ते बघा. दुसरी युक्ती नाव खरवडून नवं कोरण्याची. बहुतेक गोल मेडलांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. कॅलिपर लावून दोन-चार ठिकाणी मोजा, खरवडलेली कड किंचित आत गेलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर नाव नसणं हे मात्र संशयाचं कारण नव्हे, पुष्कळांवर ते नसतंच.

परदेशी गिऱ्हाईक मोठा आकडा सांगेल. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी आहे, आणि पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयात आली आहेत.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं. एक वही घ्या. प्रत्येक मेडलला एक पान. वर कडेवरचा मजकूर अक्षरशः, खाली पट्ट्या, त्याखाली पलटण तेव्हा कुठे होती ते, आणि घरात सांगतात ती गोष्ट सर्वांत खाली, वेगळ्या शाईनं. मेडल आम्लमुक्त कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. वही त्याच डब्यात, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: घासू नये.